घरबसल्या पारखी व्हा (दुसऱ्याच्या घरी)

जुन्या खेळण्यांची पारख करायला अभ्यास लागतो, अशी अफवा काही संग्राहक मंडळींनी उठवून ठेवली आहे. तिला भुलू नका. गेल्या शनिवारी ओहायोतल्या आमच्या घरी सत्यनारायण होता. तीर्थप्रसाद झाल्यावर आमच्या मंडळातले एक गृहस्थ माझ्या काचेच्या कपाटाकडे वळले आणि अर्ध्या तासात सगळी विद्या शिकवून गेले. ती तुमच्यापर्यंत पोचवतो. ज्ञान दिल्यानं वाढतं म्हणतात, खेळण्यांचं मात्र तसं नसतं.

तर पहिलं म्हणजे कपाटाचं दार स्वतःच उघडायचं. विचारतो तो पाहुणा, उघडतो तो पारखी.

दुसरं, हात धुवायचे नाहीत. बोटांना शिऱ्याचं तूप असेल तर फारच छान, प्लास्टिकला चकाकी येते.

तिसरं, उचलायची ती सगळ्यात अनोळखी तोंडाची बाहुली. नायक आणि खलनायकाच्या वाटेला जाऊ नका, त्यांच्याबद्दल शेजारच्या पोरालाही माहिती असते आणि आपली पंचाईत होते. आमच्याकडे ती बाहुली होती निळा स्नॅगलटूथ. ‘स्टार वॉर्स’च्या 1977 च्या पहिल्या चित्रपटात दारूच्या गुत्त्यात क्षणभर दिसून जातो, तो वेड्यावाकड्या दातांचा परग्रहवासी. त्याला संवाद नाही, कथेत काम नाही, लोक त्याला ओळखत नाहीत. आमची ही म्हणते, म्हणूनच तुमचं जमतं.

आता फोन काढायचा, नाव टाकायचं आणि येईल ते पहिलं चित्र प्रमाण मानायचं. “अहो, हा लाल असतो! आणि चांगला बुटका असतो. पायात बूटही नसतात. तुमच्या गळ्यात कुणीतरी रंगवलेला मारलाय!” गृहस्थ हे इतक्या मोठ्यानं म्हणाले की स्वयंपाकघरातून तिघी जणी काय झालं म्हणून बघायला आल्या.

मग हा निळा कुठून आला, या चौकशीत पारख्यानं पडू नये. मी आपला सांगून ठेवतो, ऐकलं नाहीत तरी चालेल. सिनेमाची लाट अशी आली की खेळणी करणाऱ्या केनर कंपनीची धांदल उडाली. 1977 च्या नाताळात बाहुल्या तयारच नव्हत्या, तर त्यांनी चक्क कूपन घातलेली पाकिटं विकली आणि बाहुल्या पुढच्या वर्षी टपालानं धाडल्या. अशाच घाईत 1978 मध्ये सिअर्सच्या दुकानांसाठी गुत्त्याचा एक संच निघाला, पुठ्ठ्याचा गुत्ता आणि चार परग्रहवासी. त्यातल्या स्नॅगलटूथचा जो फोटो कंपनीकडे होता तो कृष्णधवल, आणि तोही अर्धाच. खालचं अंग दिसेना, रंग कळेना. कारागिरांनी अंदाजानं त्याला इतरांएवढी उंची दिली, निळा पोशाख दिला, चंदेरी बूट घातले. नंतर कळलं की मूळ प्राणी ठेंगणा, लाल कपड्यातला आणि अनवाणी. मग सुधारलेला लाल स्नॅगलटूथ सगळीकडे विकायला आला आणि निळा त्या सिअर्सच्या संचापुरताच राहिला. म्हणजे तो चुकलाय म्हणूनच लोक त्याला शोधत फिरतात! हे सगळं घडलं सिनसिनाटीत, आमच्या घरापासून तासाभरावर. पण फोनवर पहिलं चित्र लालचंच येतं, त्याला कोण काय करणार.

याच न्यायानं केनरचाच 1985 चा ‘याक फेस’ नावाचा परग्रहवासीसुद्धा नकली ठरवता येतो. तो अमेरिकेतल्या दुकानांत आलाच नाही, कॅनडात आणि युरोपात विकला गेला. तुम्ही फक्त म्हणायचं, “पंचवीस वर्षं राहतोय इथे, कधी पाहिला नाही.” विषय संपला.

पायामागचा मजकूर वाचायचा, पण अर्धाच. तिथे लिहिलं होतं जी.एम.एफ.जी.आय., 1978, हाँगकाँग. यातलं जी.एम. म्हणजे जनरल मिल्स, न्याहारीचं सिरियल विकणारी कंपनी, केनर तेव्हा तिच्या मालकीची होती. गृहस्थांना फक्त शेवटचा शब्द दिसला. “हाँगकाँग! म्हणजे चायना माल.”

वास घ्यायचा. कशाचा, ते महत्त्वाचं नाही.

मग पाण्याची परीक्षा. केनरच्या बाहुल्यांच्या हातातली मूळ पिस्तुलं बहुधा पाण्यावर तरंगतात आणि नकली बरेचदा बुडतात, म्हणून संग्राहक त्यांना पाण्यात सोडून बघतात. तिच्यावरही डोळे मिटून विसंबता येत नाही, हवेचा बुडबुडा चिकटला तर नकलीही तरंगतं. तुम्ही एवढ्या खोलात जाऊ नका. पिस्तूल टेबलावर ठेवून अख्खा प्राणीच ग्लासात सोडा. बुडाला की म्हणा, “बघितलंत?”

आता चौथं की आठवं, जे काय असेल ते. रंगाची परीक्षा. तिला नेलपॉलिश रिमूव्हर लागतं. आमच्या मुलीनं ते धावत आणून दिलं, बिचारीला वाटलं काकांच्या कुडत्याला काहीतरी लागलंय. त्यात कापसाचा बोळा भिजवायचा आणि बाहुलीच्या बुटावर घासायचा. रंग निघाला तर रंगवलेला, म्हणजे नकली. नाही निघाला तर काय, ते त्यांनी सांगितलंच नाही, कारण रंग निघाला. निघणारच ना! ॲसिटोन आहे ते! रंग काढायलाच बाटलीत भरतात ना त्याला! 1978 चा रंग असो की काल सकाळचा, तो निघणारच! स्वतःच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर घासा की आधी, आणि रंग निघाला की शोरूमवाल्याला जाऊन सांगा, गाडी नकली आहे म्हणून! मी “अहो, थांबा, थांबा” म्हणत हातातला प्रसादाचा द्रोण टाकून धावलो, तर हे मला म्हणतात, “घाबरू नका, मला सवय आहे.” सवय! म्हणजे माझ्या आधी किती घरांत हा बोळा फिरलाय, देव जाणे. या निळ्यांत बुटाच्या टोकावर छोटा खळगा असलेले आणि नसलेले असे दोन प्रकार आहेत. माझा खळग्याचा. आता चंदेरी रंग फक्त त्या खळग्यातच उरलाय.

शेवटी किंमत. ती कुणी विचारायच्या आत सांगायची. “पंधरा डॉलर. त्याच्यावर कुणी देणार नाही. पण तुमचं मन कशाला मोडा, मी वीस देतो.”

अहो साहेब, नकली आहे तर वीस कशाला मोजता? घरात प्लास्टिक कमी पडलं का? खेळण्यांच्या प्रदर्शनात टेबल मांडून बसता, लोक आजोबांच्या माळ्यावरची खोकी घेऊन विश्वासानं तुमच्यासमोर उभे राहतात, आणि तुम्हाला निळा आणि लाल हा फरक माहीत नाही? माहीत नसेल तर “मला माहीत नाही” म्हणा. तीन शब्द आहेत, त्याला काही शिक्षण लागत नाही. आणि माहीत असून केलं असेल, तर मग तुम्ही पारखी नाही, भुरटे आहात. चारचौघांत, पूजेच्या घरात, माझ्याच पोरीच्या हातून बाटली मागवून माझी वस्तू बिघडवलीत, वर जाताना डब्यात शिरा भरून घेतलात.

काल त्यांचा मेसेज आला, “पंचवीस, फायनल.” कपाटाला कुलूप आणलंय. पुढच्या वर्षीचा प्रसाद त्यांना गराजमध्ये मिळेल.