मधाला एकच ओळ?

इबेरियनांच्या, म्हणजे प्राचीन स्पेनमधल्या लोकांच्या, ताटावरच्या तुमच्या लेखात गहू, बार्ली, द्राक्षं, ऑलिव्ह सगळं आलं, पण मधाची बोळवण एका ओळीत केलीत, हे काही पटलं नाही. व्हॅलेन्सियाजवळच्या पुंताल देल्स ल्योप्स या टेकडीवरच्या छोट्या गढीत इ.स.पू. २००च्या आसपासची भाजक्या मातीची, दोन्ही तोंडं उघडी असलेली नळकांडी सापडली आहेत; या मधमाश्या पाळायच्या पेट्याच. बाहेरून अगदी साधी. आत मात्र कुंभाराने माती ओली असतानाच मुद्दाम फणीने ओढल्यासारखे ओरखडे काढलेत, मधाच्या पोळ्याला पकड मिळावी म्हणून! त्या भागातल्या अशा खापरांच्या तपासणीत मेणाचे अंशही मिळालेत. (खापर रंगीत नसलं की संग्रहालयात मागच्या कपाटात जातं, दुसरं काय!) शिवाय प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो स्पेनच्या दक्षिणेकडच्या तुर्देतानिया प्रांतातून मध आणि मेण बाहेर जात असल्याचं स्वच्छ लिहितो. पुढच्या भागात या मातीच्या मधपेट्यांवर सविस्तर लिहाच.