पुढील स्टेशन चर्चगेट

घोड्याच्या उड्यांची कॉम्पिटिशन आहे, मी नाव दिलंय, असं घरी सांगितलं तेव्हा आईने एवढंच विचारलं, "उडी घोडा मारणार ना? मग तू काय करणार?" आणि खरं सांगते, दोन वर्षं शिकतेय, पहाटेच्या लोकलने गोरेगावहून महालक्ष्मीला येऊन शिकतेय, पण मला काही उत्तर देता आलं नाही.

उत्तर सरांकडे होतं. "बंड्याला उडी येते गं, रस्ता माहीत नसतो. तो तू लक्षात ठेवायचा."

बंड्या म्हणजे माझा घोडा, म्हणजे तासाचे पैसे भरले की तासभर माझा. पूर्वी रेसमध्ये पळायचा तेव्हा नाव भलंमोठं इंग्रजी होतं म्हणे, आता रिटायर झाल्यावर घोडे सांभाळणाऱ्या सईसापासून सगळे बंड्याच म्हणतात. उंची १६ हात. घोड्यांच्यात हात ४ इंचांचा, म्हणजे झाले ५ फूट ४, आणि ते फक्त खांद्यापर्यंत, मान-डोकं वेगळं. मी चपलांसकट ५ फूट १.

नियम तसे सोपे आहेत. दांडा पाडला की ४ पेनल्टी, घोडा अडला की ४, दुसऱ्यांदा अडला की बाहेर. पडलात, बाहेर. घंटा व्हायच्या आधी पहिली उडी मारलीत, बाहेर. आणि उड्यांचा नंबर चुकला तर मग उडी कितीही देखणी असो, बाहेर. इथे माझी झोप उडाली, कारण मॉलच्या पार्किंगमध्ये मला स्वतःची स्कूटी सापडत नाही. त्यात कोर्सचा नकाशा लावतात त्याच दिवशी, तो आपण चालत फिरून बघायचा, घोड्याला मात्र दाखवायचा नाही. म्हणजे ज्याला उडायचंय त्याला सरप्राइज!

मग सोसायटीच्या कंपाउंडमध्ये प्रॅक्टिस सुरू केली. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पोछ्याचे दांडे आडवे टाकले, आणि उडी मारताना लाल झेंडा उजवीकडे, पांढरा डावीकडे हवा म्हणून एका खुर्चीला लाल ओढणी आणि दुसरीला मुलीचा शाळेचा पांढरा मोजा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वरूनच सांगितलं, "अगं तिथे ऊन येत नाही, गच्चीत वाळत घाल." दोन उड्यांमधलं अंतर पावलांनी मोजायचं असतं, माणसाची ४ पावलं म्हणजे घोड्याची एक ढांग, पण सरांची ४ म्हणजे माझी साडेपाच, त्यामुळे मी तंगड्या फाकवत, तोंडाने आकडे पुटपुटत फिरत होते, शेवटी वॉचमन टॉर्च घेऊन आला, "मॅडम, काय हरवलंय?"

खरी उडी ८० सेंटिमीटरची, साधारण आमच्या किचनच्या ओट्याएवढी. हे कळल्यापासून पोळ्या लाटताना मी ओट्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघते.

एकूण उड्या ८. कितीही घोकलं तरी पाचवीनंतर डोकं कोरं. मग एका सकाळी लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी बसलेली असताना ट्यूब पेटली की मला क्रमाने पाठ असलेली जगात एकच गोष्ट आहे. चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी. बरोब्बर ८! एका उडीला एक स्टेशन. सरांनाही ही आयडिया आवडली.

त्या दिवशी चर्चगेट काय सुंदर झालं. पण त्या आनंदात बंड्या सुसाट सुटला आणि मी लगाम सावरेपर्यंत आम्ही थेट मुंबई सेंट्रलवरून उडालेलो. "अगं ए, फास्ट पकडलीस का!" सर ओरडले. दुसऱ्या फेरीत सगळी स्टेशनं नीट घेतली, शेवटच्या उडीला मात्र तोंडात प्रभादेवीचं जुनं नाव, एल्फिन्स्टन आलं. २०१८ मध्ये नाव बदललंय, मला माहितीये, पण जिभेला कोण सांगणार. त्या अर्ध्या सेकंदात बंड्याने दांड्यापुढे कचकन ब्रेक मारला आणि मी त्याच्या मानेला मिठी मारून लटकले.

कॉम्पिटिशनच्या दिवशी पांढरी ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वारीची घट्ट पँट, लोकलमध्ये मळू नये म्हणून वरून सलवार, हातात कोट, पायात गुडघ्यापर्यंत बूट. समोरची मावशी म्हणाली, "पावसाळा संपला की गं कधीच." तिथे गेल्यावर बंड्याच्या आयाळीच्या पंधरा वेण्या घातल्या, मुलीचे रबरबँड वापरून. मुलगी दोन वेण्यांना घर डोक्यावर घेते, हा गूळ खात शांत उभा राहिला आणि सगळ्या झाल्यावर भिंतीला मान घासून तीन सोडवल्या. जानेवारी होता, म्हणजे मुंबईचा हिवाळा, कोटाच्या आत मी इडलीसारखी वाफवत होते.

नाव पुकारलं. आत गेलो, सॅल्यूट केला. घंटा वाजली, आता ४५ सेकंदांत निघायचं. डोकं पूर्ण कोरं, पाय लटपटतायत, आणि अचानक माझ्या तोंडून त्या अनाउन्समेंटवाल्या बाईच्या आवाजात मोठ्याने निघालं, "पुढील स्टेशन, चर्चगेट."

बंड्याने एक कान मागे केला, ऐकलं, आणि निघाला.