किराण्याच्या बजेटचा आकडा आधी खरा हवा

महिनाअखेर आली की कितीतरी घरांत तोच प्रश्न निघतो, एवढे पैसे गेले कुठे? आणि तो विचारला जातो नेमका त्या माणसाला जो पिशव्या उचलून सामान आणतो, जो घरात काय संपलंय काय उरलंय हे डोक्यात ठेवून फिरतो. मला याचा खरंच त्रास होतो. कारण किराण्याचं बजेट वीस तारखेलाच संपतं ते बहुतेक वेळा त्या माणसाच्या उधळपट्टीने नाही संपत, तो आकडाच मुळात हवेतून काढलेला असतो. पगारातून भाडं, हप्ते, फी, वीजबिल गेलं, थोडी बचत बाजूला टाकली आणि जे उरलं ते किराण्याला. झालं बजेट. घरात लागतं किती हे कोणी बघितलंच नाही, उरतं किती तेवढंच बघितलं, आणि मग महिनाभर ते पाळायची जबाबदारी एकाच्या गळ्यात.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ऐकवणारे खूप असतात, माझं म्हणणं एवढंच की आधी ते अंथरूण मोजा तरी.

मोजायचं म्हणजे मागच्या तीन महिन्यांचा खरा खर्च काढायचा. बिलं नसतील तर बँकेचं स्टेटमेंट आणि पेमेंटचे मेसेज असतातच. यात मधेच जाऊन आणलेलं, ऑफिसमधून येताना घेतलेलं, मुलांनी आणलेलं सगळं धरायचं. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळायची, "तो महिना जरा वेगळा होता, पाहुणे होते, तो सोडून देऊ" असं अजिबात करायचं नाही. कारण प्रत्येक महिना कुठल्या ना कुठल्या कारणाने वेगळाच असतो. कधी पाहुणे, कधी आजारपण, कधी परीक्षा म्हणून सगळे घरी, कधी वाढदिवस. साधासरळ महिना वर्षातून फार तर एक-दोनदा येतो आणि लोक बजेट नेमकं त्यावरच बांधतात.

जी सरासरी येईल ती बघून धक्का बसतो, बसू द्या. पण तोच पहिल्या महिन्याचा आकडा. त्यातून एकदम तीस टक्के कापायला गेलात तर दुसऱ्या आठवड्यातच सगळं बारगळतं आणि मग "आपल्याला जमतच नाही" असं ठरवून लोक सोडून देतात. पाच टक्के कापा, तो महिना नीट पार पडला तर पुढे अजून पाच.

इंटरनेटवर सगळीकडे असतं ना की उत्पन्नाच्या इतके टक्केच खाण्यावर गेले पाहिजेत, त्याकडे माझ्या मते सरळ दुर्लक्ष करावं. अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन सांख्यिकीतज्ज्ञाने 1857 मध्येच बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे हिशोब तपासून दाखवलं होतं की उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला खाण्यावर जाणारा वाटा मोठा. पोट सगळ्यांना सारखंच, पगार वेगवेगळे, त्यामुळे टक्का एक असूच शकत नाही. कमी पगारात जास्त टक्के किराण्यावर जातायत म्हणून कोणी स्वतःला उधळ्या समजत असेल तर कृपा करून समजू नका.

आता आकडा आला, तो टिकवायचा कसा. इथे एक साधं गणित आहे जे भल्याभल्यांचं चुकतं. महिन्याची रक्कम लोक चारने भागतात, चार आठवडे म्हणून. पण चार आठवडे म्हणजे अठ्ठावीसच दिवस! समजा महिन्याचे शंभर धरले आणि आठवड्याला पंचवीस खर्च केले, अगदी काटेकोर, एक पैसा जास्त नाही, तरी तीस दिवसांच्या महिन्यात दोन दिवस आणि एकतीसच्या महिन्यात तीन दिवस हातात काहीच नसणार. वर्षात बावन्न आठवडे असतात, चार गुणिले बारा अठ्ठेचाळीसच होतात. म्हणजे वर्षाचे जवळपास चार आठवडे या पद्धतीत हिशोबातच नाहीत. शंभरमधून आठवड्याला तेवीसच घ्या, मग शेवटच्या दिवसांना पुरतं. कितीतरी घरांतली महिनाअखेरची ओढाताण निव्वळ या भागाकारातून येते आणि दोष जातो माणसाच्या सवयींना.

आठवड्याने चालायचा दुसरा फायदा म्हणजे गडबड लवकर कळते. महिन्याचा हिशोब महिना संपल्यावर बघून काही उपयोग नसतो, तेव्हा पैसे गेलेले असतात, उरतं फक्त भांडण. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी कळलं की जास्त गेलेत तर तिसरा आठवडा घरात जे आहे त्यावर काढता येतो.

आणि खाण्याचं सामान एका खात्यात, साबण-डिटर्जंट-फिनाईल-टूथपेस्ट दुसऱ्या खात्यात, हे करून बघाच. बिल एकच येतं म्हणून आपण सगळं किराणा म्हणतो, पण खाणं रोजचं असतं आणि डिटर्जंटचा मोठा पुडा दोन-तीन महिन्यांतून एकदा लागतो. तो ज्या महिन्यात येतो त्या महिन्यात वाटतं बजेट कोसळलं. कोसळलेलं काही नसतं, तीन महिन्यांचा खर्च एकाच महिन्यात पडलेला असतो. दर महिन्याला त्याचा एक तृतीयांश बाजूला काढून ठेवला की विषय मिटतो.

यादी करून जा असं सगळेच सांगतात, बरोबरच आहे, पण यादी कुठे बसून केली याला जास्त महत्त्व आहे. सोफ्यावर बसून आठवून केलेली यादी आणि कपाटासमोर उभं राहून केलेली यादी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. कुठलंही मधल्या फळीचं कपाट उघडा आणि पुढचे डबे बाजूला करा. मागे एकाच वस्तूची दोन फोडलेली पाकिटं निघतील, एकाला रबरबँड, एकाला कपड्याचा चिमटा, आणि शेजारी तिसरं न फोडलेलं, कारण पुढचा डबा रिकामा दिसला म्हणून नवीन आणलं. हे पैसे खर्च झालेत, ते फक्त कपाटात जाऊन बसलेत. पाकिटावर फोडल्याची तारीख पेनाने लिहायची आणि जुनं पुढे नवीन मागे ठेवायचं, एवढी सवय घरातल्या सगळ्यांना लागली तरी फरक पडतो. सगळ्यांना म्हणतेय मी, कारण सामान लावायचं काम पण एकाचंच असतं.

फ्रीजमधलं तर अजून वाईट. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल आहे, त्यात 2022 या वर्षात जगभरात 105 कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतलं, हॉटेलं नाहीत, दुकानं नाहीत, घरं. माणशी वर्षाला साधारण 79 किलो. यात सालं, बिया, हाडं असं न खाण्यासारखंही धरलेलं आहे, तरी आकडा मोठाच आहे. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं हे वाटलं की श्रीमंत देश आणि मध्यम उत्पन्नाचे देश यांच्यात घरगुती नासाडीचा फरक माणशी जेमतेम 7 किलोचा निघाला. म्हणजे ही पैसेवाल्यांची चैन नाही, आपण सगळेच करतोय. पाच टक्के कापायचे कुठून असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते, ताटातलं कमी करू नका, कचऱ्यात जाणारं कमी करा. आठवडाभर जे जे फेकलं ते एका कागदावर लिहून फ्रीजवर लावा, पुढच्या आठवड्याची यादी आपोआप छोटी होते.

दुकानाबद्दल थोडंसं. पूर्वी काउंटरच्या अलीकडे उभं राहून यादी सांगायची आणि पलीकडचा माणूस काढून द्यायचा अशीच पद्धत होती. 1916 मध्ये अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरेन्स सॉन्डर्सने पिगली विगली नावाचं दुकान काढलं ज्यात गिऱ्हाईकच आत फिरून स्वतः वस्तू उचलू लागलं, 1937 मध्ये सिल्व्हन गोल्डमनने चाकांची ढकलगाडी आणली, मग हातातली टोपली जड झाली म्हणून थांबणंही बंद झालं. दुकानाची मांडणीच जास्त उचललं जावं अशी असते, त्यामुळे आत गेल्यावर मनाचा निर्धार वगैरे वर फार भरवसा ठेवू नका, बाहेरूनच किती खर्च करायचे ते ठरवून जा.

आणि किंमत वाचताना मोठ्या अक्षरातली नाही, किलोमागची किंवा लिटरमागची वाचा. ती बहुतेक वेळा लेबलच्या कोपऱ्यात बारीक असते, नसेल तर मोबाईलवर भागाकार करा, दहा सेकंद लागतात. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त पडतं हा गैरसमज आहे. शिवाय पाकीट तेच, रंग तोच, किंमत तीच आणि वजन हजार ग्रॅमचं नऊशे झालेलं असतं, म्हणजे भाव अकरा टक्क्यांनी वाढला आणि बिलात कुठेच दिसला नाही. तुम्ही तेवढंच आणताय पण ते लवकर संपतंय, परत आणायला लागतंय, आणि घरात परत तोच प्रश्न, एवढं लागतंच कसं? हे ज्याला ऐकावं लागतं त्याच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून इतकं लिहितेय.

मोबाईलवरून मागवत असाल तर फ्री डिलिव्हरीसाठी अजून एवढ्याचं घ्या असं येतं तिथे थांबा. डिलिव्हरीचे पैसे वाचवायला त्याच्या तिप्पट किमतीचं नको असलेलं घेतलं जातं. बास्केटमध्ये टाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी ऑर्डर करा, अर्ध्या वस्तू तुम्ही स्वतःच काढून टाकाल.

दर तीन महिन्यांनी आकडा परत काढायचा, भाव वाढलेत तर तो वाढणारच, दोन वर्षांपूर्वीच्या रकमेत आज तेवढंच सामान आणून दाखव हा हट्ट कोणीच कोणाकडे धरू नये. आणि हिशोब घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एकत्र बसून करायचा, पाळीपाळीने एकेका महिन्याची खरेदी प्रत्येकाने केली तर अजून उत्तम, भाव काय चाललेत ते आपोआप कळतं.

एखाद्या महिन्यात थोडे उरले तर ते लगेच बाहेर खाण्यात किंवा दुसऱ्या खर्चात वळवू नका. किराण्याच्याच खात्यात राहू द्या. तेलाचा किंवा धान्याचा भाव उतरलेला असेल तेव्हा दोन महिन्यांचं एकदम घ्यायला हेच पैसे लागतात, आणि पाहुण्यांचा महिना आला की तेव्हाही हेच.