मोटरहोम बुक करा, लायसनचं नंतर बघू

म्युनिकला उतरून मोटरहोम, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, भाड्यानं घ्यायची आणि ऑस्ट्रियामार्गे स्वित्झर्लंड गाठायचं, असं एकदा ठरलं की लायसनचा विषय काढणाऱ्या भाच्याला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाका. पोरगं मुळातच अपशकुनी. तुम्ही वीस वर्षं गाडी चालवताय. वरंधा घाटात, ऐन धुक्यात, समोर एसटी उभी असताना रिव्हर्स मारलेला माणूस तुम्ही. तुम्हाला जर्मन लोक काय विचारणार?

ते किलो विचारतात. आपल्याकडे एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं लायसन म्हटलं की ७,५०० किलोपर्यंत रान मोकळं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं त्याच लायसनवर तेवढ्या वजनाची व्यावसायिक गाडीही चालवता येते असं सांगितलंय. निकालाची प्रत लॅमिनेट करून सोबत न्या. काउंटरवरची बाई ती आदरानं बाजूला ठेवेल आणि तुमच्या आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिटवरचा ‘बी’ वर्गाचा शिक्का दाखवेल. ‘बी’ म्हणजे ३,५०० किलो. वाद घाला. तिला मराठी येत नाही, म्हणजे तुम्हीच जिंकणार.

मुळात ते परमिट काढायला आरटीओत जायचंच कशाला? फॉर्म ४ए भरा, हजार रुपये फी भरा, आणि मिळणार काय, तर एका वर्षाची पुस्तिका. त्यापेक्षा इंटरनेटवर दहा वर्षांचं चकचकीत ‘आंतरराष्ट्रीय लायसन’ घरपोच मिळतं. हे परमिट ज्यावर चालतं त्या १९४९ च्या जिनिव्हा करारात असलं काही बसत नाही, पण करार कोण वाचतो? आणि चुकून खरी पुस्तिका काढलीच, तर मूळ लायसन घरी कपाटात ठेवून जा. पुस्तिका म्हणजे लायसनचं नुसतं भाषांतर, मूळ कार्डाशिवाय तिला किंमत नाही, हे काउंटरवरच कळू द्या. मग डिजिलॉकर उघडा. आपल्या ट्रॅफिक हवालदाराला चालतं, मग म्युनिकच्या बव्हेरियात का चालू नये?

आता गाडी निवडा. सहा जण झोपतील अशी, सगळ्यात मोठी. ती साडेतीन टनांच्या वर गेली तर मजा वाढतेच. जर्मन ऑटोबानवर शंभरच्या पुढे जायचं नाही, ऑस्ट्रियात काचेवरच्या विनेटऐवजी (म्हणजे टोलच्या स्टिकरऐवजी) किलोमीटरगणिक टोल मोजणारी गो-बॉक्स, आणि स्वित्झर्लंडात ४० फ्रँकच्या विनेटऐवजी अवजड वाहनांचा कर. एवढा मान आपल्याला पुण्यात कोण देतं!

साडेतीन टनांच्या आतली मिळाली तरी नाराज होऊ नका, वर कसं जायचं ते आपल्या हातात आहे. कागदावरचे ३,५०० किलो हे गाडी, माणसं, पाणी, गॅस आणि सामान सगळं धरून असतात. पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो तिथंच गेले. मग सासूबाईंच्या दोन बॅगा, पाच लिटरचा कुकर, थालीपीठाची भाजणी, चिवडा (पातळ पोह्यांचा वेगळा, भाजक्या पोह्यांचा वेगळा), आणि मेहुण्यांचं वजन, जे घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. पोलिसांनी काट्यावर गाडी घेतली तर मेहुण्यांना आधी उतरवा.

चालवायला सगळ्यांनी आळीपाळीनं बसा. भाडेकरारात एकट्या तुमचं नाव आहे, हे बारीक अक्षरात असतं. ज्याचं नाव नाही त्यानं किंवा ज्याचं लायसन त्या गाडीला चालत नाही त्यानं गाडी ठोकली, तर विमा हात वर करतो. पण घरच्या माणसावर अविश्वास दाखवणं बरं दिसतं का? पुतण्याला नुकतंच लायसन मिळालंय, त्याला आल्प्सच्या वळणांवर हात साफ करू द्या. लायसन किती वर्षं जुनं आणि वय किती, हे भाड्यानं देणारे विचारतात खरे. पुतण्या तोवर मागच्या बंकवर झोपल्याचं सोंग घेईल.

एवढं करूनही किल्ली मिळाली नाही, तर खचू नका. गाडी आवारातच उभी असते. दार उघडं असेल तर पायरीवर बसा, नसेल तर टेकून उभे राहा, आणि फोटो काढून ग्रुपवर टाका. पाठीमागे आल्प्स दिसत नाहीत अशी शंका फक्त भाच्यालाच आली असती, आणि तो ग्रुपमध्ये नाही. आवार किती वाजता बंद होतं, तेवढं मात्र आत विचारून या.