१६० फुटांची खोली जपा, हे सांगणारे आपण कोण?

मुंबईतल्या कामगारांच्या जुन्या सरकारी बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहतायत त्यावरून घरच्या ग्रुपवर परत वाद पेटलाय, आणि "मुंबईचा इतिहास पुसला जातोय" असं सगळ्यात जोरात कोण म्हणतंय तर आम्ही बाहेर राहणारी मंडळी. मला हे अजिबात पटत नाही.

मी न्यूयॉर्कमध्ये १९१०च्या आसपासच्या नऊ मजली बिल्डिंगमध्ये राहते. जाड भिंती, उंच छत, मधे उजेडासाठी सोडलेला चौक, थंडीत पहाटे ठणाठण वाजणारे वाफेचे रेडिएटर. किचनच्या भिंतीत एक छोटं लाकडी दार आहे, त्यामागे दोरीने ओढायची सामानाची लिफ्ट होती, बर्फ आणि किराणा वर यायचा, कचरा खाली जायचा, आता त्या दारावर रंगाचे इतके थर चढलेत की ते उघडतच नाही. मला हे सगळं मनापासून आवडतं, पण ते आवडायला परवडतं कारण संडास माझ्या घरात आहे. इथे १९०१ सालीच टेनेमेंट हाऊस अ‍ॅक्ट आला आणि गरिबांसाठीच्या नव्या बिल्डिंगमध्येसुद्धा घरटी संडास आणि प्रत्येक खोलीला खिडकी सक्तीची झाली.

आणि १९२०च्या दशकात आपल्याकडे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे खुद्द सरकारने, वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीला चाळी बांधल्या त्या कशा, तर १६० चौरस फुटांची एक खोली, मजल्यावर अशा वीस, आणि संडास सगळ्यांत मिळून. तीन-तीन पिढ्या त्यात वाढल्या. आता तिथल्या बाईला ५०० फुटांचं घर मिळत असताना तिने आपल्या आठवणींसाठी बादली घेऊन पॅसेजमध्ये रांगेत उभं राहायचं का? एखादी चाळ म्युझियम म्हणून ठेवा, जरूर ठेवा, बाकीच्या जाऊ देत.

भांडायचंच असेल तर गिरगाव-काळबादेवीतल्या सागवानी जिन्यांच्या पागडीच्या (म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन पुढे नाममात्र भाड्याने राहायच्या) बिल्डिंगींसाठी भांडा, कारण त्यातल्या कितीतरी नीट राखल्या तर सहज टिकतील. १९७९ मध्ये इथे न्यूयॉर्कला बिल्डिंगचा तुकडा डोक्यात पडून एक कॉलेजची मुलगी गेली, पुढच्याच वर्षी कायदा झाला, सहा मजल्यांच्या वरच्या बिल्डिंगची बाहेरची बाजू दर पाच वर्षांनी तपासून घ्यायचीच. तपासणी झाली की रिपेअरचं बिल येतं, लोक कुरकुरतात, पण भरतात. मुंबईतही तीस वर्षांनंतर स्ट्रक्चरल ऑडिटचा नियम आहे, पावसाळ्याआधी धोकादायक बिल्डिंगींची यादी लागते, पण भाडं इतकं नाममात्र की मालक हात लावत नाही, भाडेकरू म्हणतो बिल्डिंग माझी नाही मी का घालू पैसे, आणि जुन्या बिल्डिंगी दुरुस्त करणाऱ्या म्हाडाच्या रिपेअर बोर्डाची वाट बघता बघता टेकू लागतात.

तीच गत उद्या या टॉवरांचीही होऊ शकते. लिफ्ट, पंप, फायर सिस्टिम यांचा महिन्याचा खर्च चाळीतून गेलेल्या कुटुंबाला झेपेल असा कसा बसवायचा, यावर ग्रुपवर एक अक्षर नाही, आणि मला वाटतं आत्ता सगळ्यात आधी बोलायला हवं ते यावरच.