दुखावलेली साक्षीदार खोटीच असते का?

खुनाच्या खटल्यात आरोपीची पूर्वीची प्रेयसी किंवा पत्नी साक्षीला उभी राहिली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. तुटलेल्या नात्यातील माणूस सूडापोटीच बोलतो, म्हणून त्याची साक्ष बाजूला ठेवावी, असे त्यात म्हटलेले असते. दाखला दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याच्या खटल्याचा दिला जातो: त्याची पूर्वीची प्रेयसी समांथा टेलर हिची साक्ष न्यायालयाने खोटी ठरवली, आणि ती घटनेच्या रात्री घरात नव्हतीच, मग तिला बोलावले कशाला? शेवटी जोडलेले असते की आपल्याकडे पूर्वीच्या पत्नीची साक्ष चालतच नाही.

आधी दाखलाच तपासू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे प्रिटोरियातील आपल्या घरी पिस्टोरियसने शौचालयाच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या आणि आत असलेली त्याची तेव्हाची प्रेयसी रीव्हा स्टीनकॅम्प मरण पावली. घरात कोणी घुसल्याचे वाटले, हा त्याचा बचाव होता. मार्च २०१४ मध्ये सुरू झालेल्या खटल्यात खुनाबरोबर शस्त्रांसंबंधीचेही आरोप होते. त्यांपैकी एक होता गाडीच्या सनरूफमधून, म्हणजे छतातल्या उघडणाऱ्या खिडकीतून, गोळी झाडल्याचा, आणि तो मुख्यतः दोन साक्षीदारांवर उभा होता: टेलर आणि गाडी चालवणारा मित्र डॅरेन फ्रेस्को.

या आरोपातून पिस्टोरियस सुटला, हे खरे आहे. मात्र टेलर खोटे बोलली म्हणून तो सुटला नाही. गोळी झाडली गेली असे दोघांनीही शपथेवर सांगितले, पण ती कुठे झाडली आणि कोणत्या कारणाने झाडली, याबाबत दोघांचे म्हणणे जुळले नाही. फ्रेस्कोला न्यायमूर्ती थोकोझिले मासिपा यांनी अप्रामाणिक साक्षीदार म्हटले. टेलरविषयीचे त्यांचे मत निराळे होते. नाते ज्या रीतीने संपले त्यामुळे ती दुखावली होती हे त्यांनी मान्य केले. पण एवढ्यावरून तिने आरोपीला गुंतवण्यासाठी पुरावा रचला असे होत नाही, मात्र अशा साक्षीकडे सावधपणे पाहावे लागते, असा त्याचा आशय होता. आरोप संशयापलीकडे सिद्ध झाला नाही, एवढाच त्या निर्णयाचा अर्थ. ज्याचा प्रामाणिकपणा न्यायालयात टिकला नाही तो मित्र होता, तरी लोकांच्या तोंडी खोटारडी म्हणून नाव राहिले ते पूर्वीच्या प्रेयसीचे, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

सूडाची शक्यता नाकारण्याचे कारण नाही. नाते तुटल्याचा राग हा साक्षीदाराला कसून तपासण्याचा आधार आहे, आणि उलटतपासणी त्यासाठीच असते. परंतु घरात बंद दारामागे माणूस कसा वागतो, हे जवळच्या माणसालाच ठाऊक असते, आणि तोच माणूस पुढे दुरावू शकतो. दुरावा आला म्हणून त्याचे तोंड बंद केले, तर घरातले पुष्कळसे सत्य कधी न्यायालयापर्यंत पोहोचणारच नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली वडिवेलू थेवर खटल्यात साक्षीदारांचे तीन वर्ग सांगितले: पूर्णपणे विश्वसनीय, पूर्णपणे अविश्वसनीय, आणि या दोहोंत न बसणारे. तिसऱ्या वर्गातील साक्षीला इतर पुराव्याची पुष्टी शोधायची असते. फिरणारा मजकूर हा तिसरा वर्गच पुसून टाकतो.

ती त्या रात्री तिथे नव्हती, हा आक्षेप त्यातल्या त्यात गंभीर आहे. शेजाऱ्यांनी बाईच्या किंकाळ्या ऐकल्याचे सांगितले होते, तर घाबरलेल्या पिस्टोरियसचाच आवाज तसा येत होता, असे बचाव पक्षाचे म्हणणे होते. टेलर म्हणाली की तो ओरडतो तेव्हा आवाज पुरुषाचाच असतो. रात्री काही आवाज आला तर त्याने आपल्याला उठवून विचारले होते, असेही तिने सांगितले. स्टीनकॅम्पला त्याने का विचारले नाही, या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध होता. तेव्हा तिला बोलावण्यास कारण होते. बचावाचे वकील बॅरी रू यांनी मात्र तिच्याकडून हे कबूल करून घेतले की जिवावर बेतले असताना त्याला ओरडताना तिने कधी ऐकलेले नव्हते. त्या कबुलीने किंकाळ्यांविषयीच्या तिच्या साक्षीचे वजन कमी झाले, आणि ते योग्यच झाले. तिच्या माहितीची मर्यादा तिथे उघड झाली. तिच्या सचोटीवर त्याने डाग येत नाही.

कॅलिफोर्नियातील स्कॉट पीटरसनवरील पत्नीच्या खुनाच्या खटल्यात त्याची प्रेयसी अँबर फ्राय हिच्या बाबतीत तर तिच्या शब्दावर विसंबण्याची फारशी गरजच उरली नाही. त्याची गरोदर पत्नी लेसी २४ डिसेंबर २००२ रोजी बेपत्ता झाली. तो विवाहित आहे हे कळल्यावर फ्रायने ३० डिसेंबरला पोलिसांशी संपर्क साधला आणि त्यानंतरचे फोन ध्वनिमुद्रित केले. पत्नीचा शोध चालू असताना तो तिला आपण पॅरिसमध्ये असल्याचे सांगत होता, आणि हे ज्यूरीने त्याच्याच आवाजात ऐकले. अर्थात त्या ध्वनिफितींतून त्याचा खोटेपणा सिद्ध होत होता, खून नव्हे. त्यासाठी फिर्यादी पक्षाला इतर पुरावा द्यावाच लागला.

राहिला आपल्याकडच्या कायद्याचा प्रश्न. पूर्वीच्या पत्नीची साक्ष चालत नाही, हे सरळ चुकीचे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२८ नुसार, जे पूर्वी कलम १२२ होते, वैवाहिक काळात जोडीदाराने सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या संमतीविना उघड करता येत नाही. एका जोडीदाराने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याच्या खटल्यात हे बंधन नाही. शिवाय बंधन बोलण्यावर आहे, पाहिलेल्यावर नाही. राम भरोसे खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने, पती छपरावरून उतरला आणि त्याने अंघोळ केली, हे पत्नीने पाहिलेले वर्तन ग्राह्य धरले, तर दागिन्यांबद्दल तो तिला जे बोलला ते वगळले. घटस्फोट झाल्याने हे बंधन सुटत नाही. विवाह टिकून असताना जे बोलले गेले ते नंतरही सुरक्षित राहते. विवाहाविना एकत्र राहिलेल्या जोडीदाराला मात्र हे कलम लागूच होत नाही.