व्हीएस-टू आणि वहिनींचे कान

परवा संध्याकाळी बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका सराफी पेढीत माझी जी शोभा झाली, तिची कोठेतरी नोंद राहावी म्हणून हे लिहीत आहे. पत्नीला एकेका खड्याचे हिऱ्याचे टॉप्स घ्यायचे होते, एवढी पार्श्वभूमी पुरे.

विक्रेत्याने आधी माझ्या चपलांकडे पाहिले, मग बजेट विचारले आणि उत्तर ऐकताच काढायला घेतलेला मखमली ट्रे पुन्हा आत सरकवला. दुसऱ्या ट्रेमधून त्याने दोन जोड्या काढल्या. एका जोडीतला प्रत्येक हिरा २९ सेंटचा आणि दुसरीतला ३० सेंटचा होता. शंभर सेंटचा एक कॅरट आणि एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, तेव्हा एका खड्यामागे फरक दोन मिलिग्रॅमचा. किमतीतला फरक मात्र तेवढा नाजूक नव्हता, कारण ३० सेंटपासून म्हणे भावाचा वरचा टप्पा सुरू होतो. रंगाची प्रतवारी डीपासून झेडपर्यंत असते आणि त्यात डी सर्वश्रेष्ठ. ए, बी, सी ही अक्षरे व्यापारी पूर्वी वाटेल तशी वापरीत, म्हणून अमेरिकेतल्या संस्थेने ती सोडूनच दिली. हे सारे मी विद्यार्थ्याच्या नम्रतेने ऐकत असताना शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, ‘‘उलटा करून दाखवा.’’

तेथे एक वयस्कर काका बसले होते. हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी. ते पेढीचे जुने पारखी असावेत असे पत्नीला वाटले, ते आमच्याकडचे वडीलधारे असावेत असे विक्रेत्याला वाटले, आणि वातानुकूलित हवेसाठी आत आलेल्या त्या गृहस्थांनी दोघांचाही गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही.

‘‘पांढऱ्या कागदाची घडी करा, खडा त्यात पालथा ठेवा. रंग पाठीमागून कळतो. आणि हे डोक्यावरचे दिवे बंद करा हो, यांच्याखाली माझी कवळीसुद्धा चमकेल.’’

विक्रेत्याने खरोखरच दिवे बंद केले. मी मागितला असता तर मला पाण्याचा पेला मिळाला नसता.

‘‘एच दिसतोय,’’ काका म्हणाले. प्रमाणपत्रावरही एचच होते. पत्नीने माझ्याकडे असे पाहिले की इतक्या वर्षांत मला साधा एच ओळखता येऊ नये याची तिला खंत वाटत असावी. ‘‘आता कट सांगा.’’

विक्रेता प्रथमच चाचरला. ‘‘गुड आहे, काका.’’

‘‘गुड म्हणजे पाचांत तिसरा. वर एक्सेलंट, त्याखाली व्हेरी गुड, मग तुमचा गुड. अहो, रंग निसर्ग देतो, डाग निसर्ग देतो, पण चमक देतो तो घासणारा. कट चांगला असलेली जोडी काढा.’’

ती आतल्या ट्रेमधून निघाली. कट एक्सेलंट, शुद्धता व्हीएस-टू, म्हणजे आत अगदी बारीक डाग. व्हीएसच्या वर, त्याहूनही बारीक डागांची, व्हीव्हीएस असते हे एव्हाना मलाही कळले होते, म्हणून घसा खाकरून मी ‘‘व्हीव्हीएस दाखवा’’ असे म्हणालो. संपूर्ण संध्याकाळीत मी उच्चारलेले हे एकमेव तांत्रिक वाक्य होते.

काकांनी माझ्याकडे कणवेने पाहिले. ‘‘आपल्या गायकवाडांकडे ‘स्टार ऑफ द साउथ’ होता. १२८ कॅरटचा! पुढे तपासला तेव्हा शुद्धता निघाली व्हीएस-टू. महाराजांना चालला, आणि तुम्हाला व्हीव्हीएस?’’ त्या काळी ही प्रतवारीच अस्तित्वात नव्हती हे मी निदर्शनास आणणार होतो, परंतु काका पुढे सरकले होते. ‘‘हे डाग दहा पटींच्या भिंगातून दिसतात. वहिनींच्या कानाजवळ भिंग घेऊन आता कोण येणार आहे? तुम्ही?’’

पत्नी हसली. विक्रेता हसला. दारातला बंदूकधारी रखवालदार, ज्याला मराठी येत नसावे असा माझा समज होता, तोही हसला.

मला राग काकांचा आला आणि येतोही आहे, पण त्याहून अधिक या व्यवहाराचा येतो. सोन्याचा भाव रोज वर्तमानपत्रात छापून येतो आणि दागिन्यावर हॉलमार्कचा शिक्का असतो. हिऱ्याच्या प्रमाणपत्रावर त्याची लांबी, रुंदी, खोली, कोन, डागांचा नकाशा असे सारे असते, फक्त किंमत नसते. ती विक्रेता आतल्या खोलीत जाऊन कोणाला तरी विचारून येतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही रासायनिकदृष्ट्या तोच कार्बन असून पुष्कळ स्वस्त पडतो, हे त्याने आम्हाला आपण होऊन सांगितले नाही. ते विचारणे गिऱ्हाइकाचे काम असते म्हणे. परत विकायला आणल्यास किती मिळतील, या प्रश्नावर तो इतक्या प्रेमाने हसला की मी तो पुन्हा विचारला नाही.

जोडी व्हीएस-टूचीच घेतली. पेढीने आमच्यासाठी मागवलेले थंड पेय काकांनी घेतले आणि निघताना पत्नीकडे आमचा पत्ता मागितला. टॉप्स दिवसाच्या उजेडात कसे दिसतात ते एकदा पाहून जाईन, असे ते म्हणाले. तिने पत्ता दिला आहे, आणि रविवारी येण्याचा आग्रहही केला आहे.